योगी बेअरचा टाय आणि आपली कार्टूनं

आपली कार्टूनं म्हणजे नुसती परदेशी नक्कल असं लोक सर्रास बोलून टाकतात. अर्धं खरंय, पण नक्कल नक्की कोणाची ते कोणी बघतच नाही.

सुरुवात तर थेट डिस्नेपासून आहे. क्लेअर वीक्स नावाचा डिस्नेचा अ‍ॅनिमेटर, बांबी आणि पीटर पॅनवर काम केलेला (जन्म मात्र भारतातला बरं का), १९५६ ला मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला, म्हणजे सरकारच्या फिल्म बनवणाऱ्या खात्यात, शिकवायला आला, त्याच्याकडे राम मोहन शिकले, जातककथेवरची 'द बनियन डिअर' ही कार्टून फिल्म तिथूनच निघाली, आणि पुढे भीमसेन राम मोहनच्या हाताखाली तयार झाले. पण १९७४ ची 'एक अनेक और एकता' ही छोटी फिल्म बघा, विजया मुळेंची, अ‍ॅनिमेशन भीमसेनचं. जाळ्यासकट उडालेले ते पक्षी! सपाट, साधी चित्रं, डिस्नेची ती गुळगुळीत हालचाल कुठेच नाही आणि तिची आठवणही येत नाही. शिकले तिकडून, काढलं आपलं. मला तरी हे आजही सगळ्यात भारी वाटतं.

मग १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं आणि घराघरात हाना-बार्बेरा हा अमेरिकन कार्टून स्टुडिओ शिरला. त्यांचा सगळा कारभार काटकसरीचा. त्यांच्या योगी बेअर ह्या अस्वलाच्या गळ्यात टाय का, तर डोकं वेगळं आणि धड वेगळं, मधला सांधा टायखाली झाकायचा, म्हणजे बोलताना फक्त डोकंच परत परत काढायचं, धड तसंच ठेवायचं. आणि पळताना मागे तीच खिडकी, तेच झाड फिरून फिरून. टीव्हीला भराभर एपिसोड पुरवायचे तर दुसरं करणार काय म्हणा. आपल्या टीव्ही कार्टूनांनी उचललं ते हे, डिस्ने नाही. २००८ च्या छोटा भीमला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, शिवाय पोरांना ढोलकपूर आणि लाडू आपले वाटले हेही काही कमी नाही.

माझा राग आहे तो आउटसोर्सिंगवर, म्हणजे परदेशी कार्टूनांची नुसती मजुरी इथे करून देण्यावर. एक मित्र अशाच एका स्टुडिओत इनबिटवीनिंग करायचा. हात खाली, हात वर, मधली चित्रं ह्याने भरायची. स्टोरीबोर्ड तिकडून आलेला, कॅरेक्टर तिकडचं, आणि हात नेमका कशासाठी वर चाललाय हे ह्याला माहीतच नसायचं! हात मात्र असा बसला होता पठ्ठ्याचा, की बघत राहावं. त्याला एकदा म्हटलं, तुझी स्वतःची एखादी गोष्ट काढ की, तर म्हणाला, गोष्ट काय काढायची ते कोणी विचारलंच नाही रे कधी.