प्रमोशन मिळालेल्या माणसाला मोटिव्हेट करा म्हणे

चाकणच्या एका कारखान्यात मी कौन्सेलर म्हणून जाते. नाव सांगणार नाही, आणि ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याची ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. तिथे बसायला जागा म्हणजे ट्रेनिंग रूम, आणि टेबलावर एचआरने आधीच ठेवलेली यादी, आज कोण कोण येणार आणि प्रत्येकाचं काय करायचं. त्या दिवशी यादीत एका सुपरवायझरच्या नावापुढे लिहिलं होतं, झोप नाही, चिडचिड, हाताखालच्या पोरांवर ओरडतो, मोटिव्हेट करा. जसं काही टाकीत डिझेलच भरायचंय.

दादा आले, पन्नाशीच्या अलीकडचे, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि गप्प. मी सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहतं, एचआरला फक्त तुम्ही येऊन गेलात एवढंच कळतं. मान हलवली, परत गप्प. अशा वेळी तोंडाला खाज सुटते हो, काहीतरी प्रश्न विचारावा, निदान घरी कोण कोण असतं ते तरी. पण कार्ल रॉजर्स, तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्याच्या पद्धतीने मी काम करते, त्याने तिकडे विस्कॉन्सिनमध्ये मनोरुग्णालयातल्या एका तरुणाबरोबर अशी कितीतरी सेशन्स काढली होती ज्यात तो पोरगा जवळजवळ बोलायचाच नाही, आणि रॉजर्स नुसता बसून असायचा, मधूनच एखादं वाक्य. ते आठवलं की मला जरा धीर येतो. बसले.

मग त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुम्हाला पण वाटतं का मी पितो?"

मी म्हटलं, लोक असं समजतायत याचा त्रास होतोय तुम्हाला. तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. वीस-बावीस वर्षं सीएनसी टर्निंगवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, जॉब पकडणारा चक लावायचा, ऑफसेट द्यायचा म्हणजे टूलच्या मापातला फरक मशीनला सांगायचा, पहिला जॉब स्वतः मायक्रोमीटरने तपासायचा, आणि इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजायला लागलं की मशीनच्या आवाजावरून आधीच कळायचं, स्क्रीनवर काही यायच्याही आधी. आता प्रमोशन झालं, स्टाफमध्ये घेतलं, म्हणजे डबल रेटचा ओव्हरटाइम बंद, युनियन बंद, कँटीनला स्टाफचं टेबल वेगळं त्यामुळे ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला ते आता लांबून नमस्कार करतात, आणि दिवसभर काम काय तर एक्सेलमध्ये रिजेक्शनचे आकडे भरायचे आणि त्याच पोरांना टार्गेटवरून बोलायचं. गावाकडे मात्र पेढे वाटून झालेत. बायको सगळ्यांना सांगते, साहेब झाले आमचे.

मी म्हटलं, "म्हणजे सगळे अभिनंदन करतायत आणि तुम्हाला मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय."

"हरवलं नाही मॅडम. माझं होतं ते काढून घेतलं. आणि वर पेढे पण मलाच वाटायला लावले."

असं कुणी दुरुस्त केलं ना की मला बरं वाटतं. माणूस स्वतःच्या आत बघून शब्द तपासतोय, हा नाही, तो आहे, आणि काम तिथेच होतं. रॉजर्सने 1957 च्या लेखात ज्या अटी मांडल्या त्यात समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि आपण स्वतः खरं असणं, ढोंग न करणं, हे आहे. सल्ला देणं त्यात कुठेच नाही. दादांनी एका पोराला आईवरून शिवी दिली होती, तेही त्यांनी सांगितलं, मान खाली घालून. मी "अहो होतं असं" म्हणाले नाही कारण मला तसं वाटत नव्हतं, आणि उपदेशही केला नाही, त्यांना स्वतःची लाज वाटतेय एवढंच म्हटलं. मग ते रडले.

निघताना म्हणाले, "हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो."

संध्याकाळी एचआरचे साहेब भेटले, काय बोलला तो? मी म्हटलं, ते त्यांनाच विचारा. साहेब थोडे नाराज. त्यांच्या केबिनमध्ये मास्लो या मानसशास्त्रज्ञाच्या नावाचा, माणसाच्या गरजांचा तो पिरॅमिड लावलेला आहे, खाली अन्नपाणी, वर प्रतिष्ठा, टोकाला आत्मविकास. साहेब म्हणाले, आम्ही तर त्याला एक पायरी वर नेलं. आता त्यांना कोण सांगणार की मास्लोने 1943 मध्ये गरजांची मांडणी केली पण पिरॅमिड काही त्याने काढलेला नाही, तो नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी चिकटवला. उलट मास्लो 1962 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात व्होल्टमीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन राहिला, माणसं काम कशी करतात ते बघत टिपणं काढत, आणि त्या कारखान्याने असेंब्ली लाइनच काढून टाकून छोट्या टीम केल्या होत्या. दादांचा आत्मविकास जो काय होता तो लेथपाशीच चालला होता की. मी एवढंच म्हटलं, प्रमोशन देताना त्यांना विचारलं होतं का? साहेब म्हणाले, यात विचारायचं काय?

पुढच्या वेळी दादा यादीत नसताना आपणहून आले. घरी सांगितलं होतं, आणि बायको भडकली, परत मशीनवर गेलात तर लोक म्हणतील काढून टाकला, पोरीच्या लग्नाचं बघायचंय. तिचंही काही चुकीचं नाही, आणि मी तिच्या विरुद्ध एक शब्द बोलले नाही. दादांचं अजून ठरत नाहीये. झोप मात्र लागते म्हणाले, रोज नाही. आणि हल्ली जेवणाच्या सुट्टीत खाली जातात, नव्या पोराला ऑफसेट कसा द्यायचा ते दाखवतात, म्हणून एचआरने त्यांना मेमो दिलाय, सुपरवायझरने मशीनला हात लावायचा नाही. तो मेमो घडी घालून खिशात होता, मला काढून दाखवला, आणि पहिल्यांदाच हसले.