आईचा १ जून

नाशिक, रविवार, १ जून २०२५. रात्रीचे साडेअकरा.

दुपारी घरात अठरा माणसं होती. आता बारा उरलीत, त्यातली सात हॉलमध्ये आडवी. सुट्टी लागल्यापासून पोरांचं गच्चीवर झोपायचं ठरलं होतं, पण यंदा मे महिनाच पावसात गेला. कुरडयांचं वाळवण तीनदा उचलून आत आणलं, शेवटी पंख्याखाली वाळवलं. आज तळल्या तर फुलल्याच नाहीत. मामाचा उन्हाळ कांदा काढणीलाच भिजला. पिंपळगावहून सकाळी आला, 'निम्मा गेला' एवढंच म्हणाला आणि आंब्यांची पेटी ओट्याखाली सरकवली. दिवसभरात पुन्हा विषय नाही.

आईला आज ७५ पूर्ण झाली. कागदावर.

खरं म्हणजे आई, मामा आणि मावशी, तिघांचाही वाढदिवस १ जूनच. लहानपणी मला वाटायचं, काय योगायोग! मग कळलं की आमच्या आजोळच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. जन्माची नोंद कुणाकडे नाही, शाळा जूनला सुरू, सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. मग मास्तर १ जून लिहून मोकळे.

औक्षणाला कणकेचे ७५ दिवे करायचं ठरलं होतं. मावशी आणि वहिनी दुपारी तीनपासून बसल्या होत्या. दोन परातींत दिवे मांडले, प्रत्येकात फुलवात, वर चमचाभर तूप. पंखा बंद. आई पाटावर बसली, आम्ही सगळे घामाघूम, आणि नेमका तेव्हा मामा म्हणाला, "दोन कमी आहेत."

मावशीने मोजले. पंच्याहत्तरच होते.

"तेच म्हणतोय. अक्काला पुढच्या महिन्यात सत्त्याहत्तर पूर्ण होतील. गांधीजींना मारल्याची बातमी गावात आली तेव्हा आईला अक्काच्या वेळी चौथा महिना होता. आईनेच सांगितलेलं. म्हणजे अठ्ठेचाळीसचा आषाढ."

"मग शाळेत पन्नास कसं लागलं?" भाच्याने विचारलं.

आईने पाटावर बसल्या बसल्या करून दाखवलं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि डावा कान धरला. "असा कान धरता आला की झाली सहा वर्षं. मला तर कधीपासूनच येत होता. घरचे शाळेत घालतील तेव्हा ना! मास्तरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." मग सगळी पोरं रांगेने कान धरायला लागली. धाकटीचा हात पुरेना तर ती रडायला लागली. तोवर पहिल्या परातीतल्या चार वाती विझल्या.

वहिनी उठली, उरलेल्या कणकेचे दोन दिवे करून आणले. जरा वेडेवाकडे झाले, पण झाले सत्त्याहत्तर. केकवर मात्र ७५ची मेणबत्ती होती, शिवाय दुकानदाराने 'आई'चं 'आइ' केलं होतं. आई शेवटी शाळेतली बाईच. आधी बोटाने 'इ'चा 'ई' केला, मग केक कापला.

या खोट्या तारखेचा आईला फायदाच झाला, जिल्हा परिषदेची नोकरी दोन वर्षं जास्त मिळाली. १ जूनवाले सगळे ३१ मेला निवृत्त होतात. २००८ मध्ये तिच्याबरोबर तालुक्यातले इतके शिक्षक निघाले की सगळ्यांचा निरोपसमारंभ एकाच मांडवात उरकला, हे ती अजून हसत सांगते.

पण संध्याकाळी एक फोन आला. सुरगाण्याकडचा तिचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच कुठेतरी शिक्षक आहे. स्पीकर चालू होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "बाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि मलाही द्या की, तुम्हीच लिहिलेला आहे." आम्ही हसलो. आई हसली नाही. म्हणाली, "तुझी आई सांगत होती रे, भाताच्या लावणीत झाला म्हणून. बांधावरच कळा आल्या होत्या. मी लिहिलं १ जून." तो म्हणाला, "असू द्या बाई, आता सवय झाली." त्यानंतर बराच वेळ ती सोफ्यावर नुसती बसून होती, मोबाईल हातात. शाळेच्या जनरल रजिस्टरवर, म्हणजे दाखल मुलांच्या नोंदवहीत, अशी किती पोरं तिने १ जूनला जन्माला घातली असतील, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

जेवणाबद्दल काय लिहू, आमरस आणि मांडे. मांडे करणं मला या जन्मी जमणार नाही. मावशी कोपरापर्यंतच्या हातांवर तो फिरवते आणि खापरावर टाकते, तेव्हा मी फक्त बाजूला सरकते.

दिवे गाईला घालायचे म्हणून मामाने परातीसकट पिकअपमध्ये ठेवले. आत्ता लक्षात आलं, एक परात शेजारच्या काकूंची होती.