मूठ आवळली आणि गुण गेला

केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकायला जपानला जाते म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, क्योतोच्या देवळांत राहणार. माझा मुक्काम होता कात्सुउराला, चिबा प्रांतातल्या मच्छिमारांच्या गावात. तोक्योहून वाकाशिओ गाडीने साधारण दीड तास. इथे १९८४ साली आंतरराष्ट्रीय बुदो (म्हणजे जपानी युद्धकला) विद्यापीठ सुरू झालं आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम आहे.

सुरुवातीचे महिने फक्त पाय सरकवण्यात गेले. डावी टाच किंचित वर, उजवं पाऊल पुढे, लाकडी जमिनीवर अनवाणी. डाव्या तळव्याची सालं निघाली. हिवाळ्यात त्या जमिनीवर पाय ठेवणं ही शिक्षाच आहे, आणि त्याची सवय होते असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

लिहायचंय ते एका सराव-सामन्याबद्दल. पहिल्या वर्षाचा एक मुलगा त्याच्या सेनपाईसमोर, म्हणजे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यासमोर, उभा होता. बराच वेळ दोघांच्या शिनाईंची, म्हणजे बांबूच्या तलवारींची, टोकं नुसती एकमेकांना चाचपत होती. मग मुलगा ओरडत झेपावला आणि थेट डोक्यावर फटका. तिन्ही पंचांचे झेंडे एकदम वर! धावत पुढे गेलेल्या त्या पोराने आनंदाने मूठ आवळली. पंच एकत्र आले, दोन शब्द बोलले आणि गुण रद्द.

मला संताप आला. सांगलीत विकेट पडली की आमची अख्खी गल्ली नाचायची. एवढ्या मोठ्या खेळाडूला हरवल्यावर पोराने साधं खूषही व्हायचं नाही?

केंदोत फटका लागला म्हणून गुण मिळत नाही. आवाजात जोर हवा, शरीर ताठ हवं, शिनाईचा ठरलेला भाग ठरलेल्या जागीच आणि धारेच्या दिशेने बसायला हवा. त्यानंतरही समोरच्यावरचं लक्ष ढळता कामा नये. याला झानशिन म्हणतात. नियम मी वाचला होता, पण तो त्या पोराकडून कळला.

रात्री आम्ही तानतानमेन खायला गेलो. कात्सुउराची ही शेवयांची खासियत, थंडीत समुद्रावरून परतणाऱ्या कोळ्यांसाठी आणि पाणबुड्या बायकांसाठी निघालेली. वर तिखट तेलाचा लाल तवंग, मिसळीच्या तर्रीसारखा. मी त्याला म्हटलं, तुझ्यावर अन्याय झाला. तो वाडग्यातून मान वर न काढता म्हणाला, "मूठ आवळली तेव्हा माझी पाठ त्याच्याकडे होती."

एवढंच. तक्रार नाही, की रडगाणं नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा! मला त्याचा फार अभिमान वाटला.

ज्यूदो १९६४ साली ऑलिम्पिकमध्ये गेलं. केंदो गेलेलं नाही, आणि केंदोवाल्यांपैकी पुष्कळांना ते जायलाही नको आहे. पदकं आली की हा नियम पहिला ढिला होईल, अशी त्यांना भीती वाटते. मलाही वाटते.