बॉस्टन : लाल पट्ट्यामागून दोन दिवस

लेकीकडे महिनाभर होतो, त्यातले दोन दिवस बॉस्टनला दिले. फ्रीडम ट्रेल म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याच्या जागा जोडणारा फुटपाथवरचा लाल पट्टा, कुठे विटांचा, कुठे नुसता रंगाचा. बॉस्टन कॉमनपासून चार्ल्सटाउनपर्यंत साधारण ४ किलोमीटर, १६ ठिकाणं. गाडी नेऊ नका, पार्किंगमध्येच जीव जातो. मेट्रोने (इथे तिला नुसतं 'टी' म्हणतात) पार्क स्ट्रीटला उतरायचं आणि पट्टा धरायचा.

ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये मात्र निवांत बसा. आत पांढऱ्या लाकडी बाकांचे कप्पे, प्रत्येकाला छोटंसं दार. १६ डिसेंबर १७७३ला इथे चहावरच्या कराविरुद्धच्या सभेला सुमारे पाच हजार माणसं कोंबली होती म्हणे! चहा महागला म्हणून लोक चिडले, असं मी शाळेपासून धरून चालले होते. झालं होतं उलटंच. नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त पडणार होता, फक्त पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर कायम होता. तो चहा घेतला की लंडनच्या पार्लमेंटचा कर लावायचा हक्क कबूल केल्यासारखं, आणि तिथे इंग्रजांच्या या अमेरिकन वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही. शिवाय कंपनी आपल्याच नेमलेल्या आडत्यांना माल देणार, म्हणजे बाकीचे व्यापारी बसले. त्या रात्री लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, हीच ती 'बॉस्टन टी पार्टी'. चहा चिनी होता, आपल्याकडचा नव्हे.

ठिणगी त्याआधीची. ब्रिटनच्या डोक्यावर फ्रान्सशी झालेल्या युद्धाचं कर्ज, म्हणून १७६५मध्ये वर्तमानपत्रांपासून पत्त्यांच्या जोडापर्यंत सगळ्यावर स्टॅम्पचा कर लावला. बोंबाबोंब झाली आणि वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. पण मग दुसरे कर, मग शहरात फौज. ओल्ड स्टेट हाउससमोर दगडांचं एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७०ला ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्याची ती खूण. माणसं त्यावरून कॉफी पीत जातात. वर छपरावर सिंह आणि युनिकॉर्न (एकशिंगी घोडा) ही ब्रिटिश राजाची चिन्हं आहेत, पण ते नंतरचे. जुने लोकांनी १८ जुलै १७७६ला उतरवून जाळले. त्याच दिवशी खालच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला होता.

या दोन्ही इमारतींचं तिकीट एकच आहे, जपून ठेवा. ग्रॅनरी दफनभूमी फुकट. नॉर्थ एंडमध्ये फरसबंदी उखडलेली आहे, चपला नकोत. बंकर हिलच्या मनोऱ्याला २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. हे खालीच बाकावर बसले, मी चढले, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलत होत्या.

दुसरा दिवस कॉनकॉर्डला. १९ एप्रिल १७७५ची ब्रिटिश फौज आणि वसाहतीतल्या लोकांची चकमक जिथे झाली तो नॉर्थ ब्रिज तिथे आहे. (दीडेक महिना आधी आपले राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करत होते!) नॉर्थ स्टेशनवरून लोकल मिळते, पण स्टेशनपासून पुलापर्यंत बरीच पायपीट आहे. शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात, परतीची वेळ आधी बघा. आम्ही बघितली नाही. डबा लेकीने दिला होता म्हणून फलाटावरचा दीड तास निभावला.