पार्किन्सन आणि अडकलेला ताल

पार्किन्सन म्हटलं की सगळ्यांना थरथरणारा हातच आठवतो, पण आमच्या काकांना थरथर फारशी नाहीच, त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दारात तर हमखास, आणि फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या की मात्र बरोबर ओलांडतात! म्हणून वाचायला घेतलं. मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात एवढं माहीत होतं. पण डोपामिन कमी झालं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस या, मेंदूत खोलवर असलेल्या हालचालींच्या केंद्रातल्या पेशींचे गट एकाच तालात अडकतात, सेकंदाला साधारण 13 ते 30 वेळा, या बीटा लहरी. त्या निरोगी मेंदूतही असतात, फक्त हालचाल सुरू करताना दबतात, इथे नीट दबत नाहीत आणि सगळं जड होऊन बसतं. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या औषधाची, गोळी लागू पडली की ताल उतरतो. डीबीएसनेही (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) उतरतो, म्हणजे मेंदूत बारीक वायर घालून करंट देणं, फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे मेंदूशल्यचिकित्सक बेनाबिद यांनी 1987 मध्ये थरथरीसाठी सुरू केलेलं. पेशी मरणं यातल्या कशानेच थांबत नाही, ते वेगळं. आता तर बीटा लहरी मोजून करंट स्वतःच कमीजास्त करणारी मशीन्स आलीत, भारीच प्रकार आहे, किंमत तेवढी विचारू नका.