भोगी, आणि ७९०

१३ जानेवारी

पहाटे चारला जाग आली. आई उशाला तीन उशा लावून बसूनच झोपते हल्ली. आडवं झालं की खोकला येतो.

आज भोगी. सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या तेलाभिषेकाला निघणार. आणि दुपारी आईच्या रक्ताचा रिपोर्ट. दोन्ही एकाच दिवशी.

या आजाराचं नाव आमच्या घरात तीनदा बदललं. पहिलं नाव टीबी. एक्स-रेवर डाग, छातीत पाणी, वजन कमी. थुंकीत जंतू दिसले नव्हते, तरी कोर्स सुरू झाला. लघवी लाल झाली की आई म्हणायची, औषध लागू पडतंय. त्या गोळ्यांनी लघवी सगळ्यांचीच लाल होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक! दोन महिने गेले. त्या डॉक्टरांवर माझा राग आहे, पण आपल्याकडे असा डाग दिसला की पहिला संशय टीबीचाच येतो, हेही खरं.

मग सव्वा लिटर पाणी काढलं, लालसर. त्यात पेशी सापडल्या आणि दुसरं नाव आलं, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर. पाण्यातच पेशी होत्या म्हणजे थेट चौथी स्टेज. शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नाही.

बातमी गल्लीत पसरली आणि जो तो कारण शोधायला लागला. आईनं बावीस वर्षं विड्या वळल्या. सुपात पानं, मांडीवर तंबाखू, संध्याकाळी हजार विड्या मोजून द्यायच्या. ओढली मात्र एकही नाही. शेजारच्या काकू तोंडावरच म्हणाल्या, "त्या तंबाखूनंच केलं की ओ." डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत असं बोट दाखवता येत नाही, हा प्रकार विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांमध्ये बऱ्यापैकी दिसतो. आईला ते पटलं नाही. तिला कारण हवं होतं, स्वतःचंच असलं तरी चालेल, पण हवं.

तिसरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ईजीएफआर, एक्झॉन १९, म्हणजे गाठीच्या जनुकातला एक बदल. पेशीला वाढ म्हणून सांगणारं एक बटण असतं, ते चालूच राहिलंय. ते बंद करणारी गोळी आहे, जेफिटिनिब, २५० मिलिग्रॅम, रोज एक. केमो नाही, सलाइन नाही. मी घाबरत विचारलं होतं, हे मला येईल का? डॉक्टर म्हणाले, हा बदल गाठीच्या पेशींतच होतो, आईकडून मुलीकडे सहसा येत नाही. त्या रात्री मी झोपले. झोपले याची लाजही वाटली.

गोळीनं चेहऱ्यावर पुरळ उठलं, नखांच्या कडा सुजल्या, जुलाब झाले. पण तिसऱ्या आठवड्यात आई जिना चढली. चौदा महिने ती भाकरी थापत होती.

मग दिवाळीनंतर पुन्हा धाप. स्कॅनच्या रिपोर्टवर 'प्रोग्रेशन' लिहिलेलं. आई सातवी शिकलेली. म्हणाली, "प्रोग्रेस म्हणजे चांगलंच की." मी हो म्हणाले. दोन दिवसांनी तिनं ताईला विचारून खरं काढलं, की आजार वाढलाय, आणि माझ्यावर रुसली ती चार दिवस.

दुपारचा रिपोर्ट आला. टी७९०एम सापडलं, त्याच जनुकातला आणखी एक बदल. ही गोळी चालेनाशी झाली की साधारण निम्म्या लोकांत हे सापडतं. गाठीनं गोळीला चुकवण्यासाठी केलेली ही युक्ती. आणि मी दवाखान्याच्या पायरीवर आनंदानं रडले, कारण या युक्तीवर दुसरी गोळी आहे, ऑसिमर्टिनिब, ८० मिलिग्रॅम. रिपोर्टमध्ये वाईट सापडलं म्हणून रडू यावं आनंदाचं, असला हा आजार. ही किती दिवस पुरेल ते विचारलं नाही. विचारायचं होतं.

परत येताना रस्ता अडलेला. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हलग्या, "हर्र बोला हर्र". आई रिक्षात बसल्या बसल्या हात जोडून होती. खोकत होती, तरी हात सोडले नाहीत.

घरी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी. अर्धी भाकरी खाल्ली तिनं. नंतर जुन्या गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढं ठेवली.

"अकरा राहिल्यात. मेडिकलवाला परत घेईल का बघ उद्या. फोडलेल्या नाहीत."