दहा सेकंदांच्या आत

बुधवार, रात्री उशिरा

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या आमच्या मुख्य रेपोला (कोडच्या साठ्याला) आज वेबहुक लागला, म्हणजे तिथे काही घडलं की गिटहब आपणहून आमच्या सर्व्हरला निरोप पाठवेल. गिटहबच्या सेटिंग्जमधला तो फॉर्म भरायला वेळ लागत नाही. आपल्या सर्व्हरचा पत्ता टाकायचा, पेलोड (निरोपाचा मजकूर) जेसन या ठरलेल्या साच्यात हवा म्हणून सांगायचं, सिक्रेट (दोघांनाच ठाऊक असलेला गुप्त शब्द) द्यायचं, कोणत्या घटना हव्यात त्यावर खुणा करायच्या. सेव्ह केलं की लगेच एक 'पिंग', म्हणजे चाचणीचा निरोप, येतो. लॉगमध्ये त्याच्यापुढे २०० (म्हणजे 'ठीक') दिसलं आणि टीमला वाटलं, झालं काम. खरं काम तिथून पुढे असतं, असं माझं ठाम मत आहे.

आजवर आमची एक स्क्रिप्ट दर मिनिटाला प्रत्येक रेपोबद्दल गिटहबला विचारायची, नवं काही आलंय का. ओळखीचं टोकन देऊन विचारलं तरी तासाला ५,००० विनंत्यांची मर्यादा, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच: काही नाही. रेपो वाढत गेले तसं हे परवडेना. आता काही घडलं की तिकडूनच निरोप येईल.

'सगळं पाठवा' हा पर्याय मी मुद्दाम घेतला नाही. पुश (नवा कोड चढवणं), पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) आणि वर्कफ्लो रन (आपोआप होणाऱ्या बिल्ड-टेस्टची फेरी), एवढंच निवडलं. वर्कफ्लोमधलेही फक्त फसलेले रन टीमच्या ग्रुपवर जातील. दिवसभर टिंगटिंग होत राहिली की लोक ग्रुप म्यूट करून टाकतात, आणि मग बिल्ड पडल्याचा निरोपही कुणी बघत नाही. न वाचल्या जाणाऱ्या निरोपाचा काय उपयोग?

दुपारचा बराचसा वेळ सहीच्या तपासणीत, म्हणजे निरोप खरंच गिटहबचाच आहे का हे बघण्यात, गेला आणि तो वेळ मला फार मोलाचा वाटतो. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने विचारलं, "ताई, हा पत्ता आपल्याशिवाय कुणाला माहीतच नाही, मग सही कशाला तपासायची?" प्रश्न रास्त आहे. पण पत्ता लपून राहत नाही. प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये, एखाद्या स्क्रीनशॉटमध्ये तो कधी ना कधी दिसतोच. आणि आमच्याकडे मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) पुश आला की थेट डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चालू करणं) सुरू होतं. म्हणजे खोटा पुश धाडणारा कुणीही आमचा सर्व्हर हलवू शकला असता.

मग दोघं शेजारी बसलो. सिक्रेट आणि पेलोड घेऊन गिटहब एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने एचमॅक, म्हणजे ही सही, काढतं आणि निरोपासोबतच्या 'एक्स-हब-सिग्नेचर-२५६' या हेडरमध्ये पाठवतं. आपण आपल्याकडच्या सिक्रेटने तोच हिशोब करायचा आणि जुळतो का बघायचं. गिटहबने तपासणीसाठी एक नमुना दिलाय, 'हॅलो, वर्ल्ड!' या मजकुराचा, त्याची सही ७५७१०७ने सुरू होते. आमच्या कोडनेही तीच काढली. मग मी त्याला मजकुरात एक स्पेस वाढवायला सांगितली. पुढची सही बघून तो थोडा वेळ गप्पच झाला, इतकी ती वेगळी होती. म्हणूनच विनंतीचे बाइट जसे आले तसेच आधी तपासायचे. फ्रेमवर्कने जेसन उलगडून पुन्हा बांधला, तर खरा निरोपही खोटा ठरतो. आणि तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने करायची नाही. तिथे पायथनचं कम्पेअर-डायजेस्ट वापरलं, कारण साध्या तुलनेत किती अक्षरं जुळली याचा अंदाज लागणाऱ्या वेळावरूनही बांधता येतो.

आणखी एक बारकावा टेस्टमध्ये घातला. ब्रँच डिलीट केली तरी पुशचाच निरोप येतो, फक्त 'आफ्टर'मध्ये, म्हणजे पुशनंतरच्या कोडची ओळखखूण असते त्या रकान्यात, ४० शून्यं असतात. त्या शून्यांचं डिप्लॉय करायला कोड निघू नये.

उत्तर १० सेकंदांच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर गिटहब ती डिलिव्हरी फसली म्हणून नोंदवतं. बिल्ड काय १० सेकंदांत होतो? त्यामुळे आमचा एंडपॉइंट (निरोप घेणारा कोड) सही तपासतो, निरोप क्यूमध्ये (रांगेत) टाकतो आणि २०२ ('मिळाला, काम नंतर होईल') देऊन मोकळा होतो. बाकीचं क्यूमागचा वर्कर (मागे चालणारा प्रोग्रॅम) बघतो. प्रत्येक डिलिव्हरीचा आयडीही टेबलमध्ये ठेवलाय. तीच डिलिव्हरी पुन्हा पाठवली तर आयडी तोच राहतो, म्हणजे एकच डिप्लॉय दोनदा होणार नाही.

एक काळजी मात्र उरली आहे. फसलेली डिलिव्हरी गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. ती आपण मागायची, तीही ३ दिवसांच्या आत. शनिवार-रविवार यात निभेल, पण दिवाळीच्या सुट्टीत सर्व्हर पडला आणि कुणी बघितलंच नाही, तर आधीचे निरोप गेलेच. उद्या सकाळी पहिलं काम हे: गिटहबच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमने माहिती मागायची सोय) फसलेल्या डिलिव्हरींची यादी घेऊन त्या पुन्हा मागवणारी एक छोटी स्क्रिप्ट, दर सहा तासांनी चालणारी. ती वेबहुकच्या सर्व्हरवर ठेवायची नाही, दुसऱ्या मशीनवर ठेवायची.